बेघर माजी सैनिकांना घरभाडे साहाय्य : अमेरिकी कायद्यांचा विस्तार आणि त्याच्या मर्यादा

नवी दिल्ली : लष्करी सेवेतून बाहेर पडल्यानंतर निवारा गमावलेल्या नागरिकांना पुन्हा घर मिळवून देण्यासाठी अमेरिकेने गेल्या चार दशकांत टप्प्याटप्प्याने कायदे केले. जानेवारी २०१० मधील एका रात्रीच्या गणतीत त्या देशात ७४,०८७ माजी सैनिक बेघर आढळले होते. जानेवारी २०२४ मध्ये ही संख्या ३२,८८२ होती. म्हणजे १४ वर्षांत ती निम्म्याहून अधिक घटली. याच काळात देशातील एकूण बेघरांची संख्या मात्र ६,३७,०७७ वरून ७,७१,४८० वर गेली. एकाच देशात, एकाच घरभाड्याच्या बाजारात एका गटाची बेघरी कमी होते आणि बाकीच्यांची वाढते, या विसंगतीचे उत्तर बऱ्याच अंशी कायदे आणि त्यांच्यामागे उभा राहिलेला निधी यांत आहे.

तरीही २०२४ च्या त्या रात्री १३,८५१ माजी सैनिक रस्त्यावर, वाहनात, तंबूत किंवा अन्य उघड्या जागी होते. उरलेले १९,०३१ तात्पुरत्या निवाऱ्यांत होते. या लोकांपर्यंत मदत का पोहोचली नाही, याचा शोध घेताना निधीच्या तुटवड्याइतकीच पात्रतेच्या व्याख्या आणि उत्पन्नाची मोजणी हीही कारणे पुढे येतात. अलीकडच्या कायदेशीर सुधारणांचा बराच भाग याच अडचणींशी निगडित आहे.

माजी सैनिक कोण?

भारतात ‘माजी सैनिक’ म्हटले की निवृत्तिवेतन घेणारा जवान किंवा अधिकारी डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत ही संज्ञा कितीतरी व्यापक आहे. तेथे सुमारे १ कोटी ८० लाख माजी सैनिक आहेत. लष्करी निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे २० वर्षांची सेवा लागते आणि बहुसंख्य सैनिक त्याआधीच, अनेकदा पहिल्या करारानंतर चार-सहा वर्षांतच सेवा सोडतात. सेवेमुळे झालेल्या आजारासाठी किंवा अपंगत्वासाठी भरपाई मिळू शकते. परंतु केवळ सेवा केली म्हणून प्रत्येकाला आजीवन वेतन मिळत नाही.

त्यामुळे विशीच्या मध्यावर लष्करातून बाहेर पडलेल्या व्यक्तीला नोकरी, घर आणि वैद्यकीय उपचार यांची जुळवाजुळव नव्याने करावी लागते. युद्धातील मानसिक आघात, मेंदूला झालेली इजा, व्यसन, मोडलेला संसार आणि परवडणाऱ्या घरांची टंचाई ही कारणे एकमेकांत गुंतत गेली की घर सुटते. व्हिएतनाम युद्धाच्या काळातील सैनिक आता वार्धक्यात आहेत. म्हणून बेघर माजी सैनिकांच्या प्रश्नाला अलीकडे वृद्धांच्या देखभालीचीही बाजू जोडली गेली आहे.

जुना प्रश्न, नवा कायदा

माजी सैनिकांच्या निवाऱ्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, हा विचार अमेरिकेत नवा नाही. यादवी युद्धाच्या अखेरीस, मार्च १८६५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी जखमी स्वयंसेवक सैनिकांसाठी राष्ट्रीय निवासगृहे उभारण्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पहिल्या महायुद्धानंतरचा अनुभव कटू होता. सैनिकांना कबूल केलेला बोनस १९४५ मध्ये मिळणार होता. महामंदीत होरपळलेले हजारो माजी सैनिक तो आधी मिळावा म्हणून १९३२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनला आले आणि झोपड्या उभारून राहिले. २८ जुलै १९३२ रोजी लष्कर पाठवून त्यांना हुसकावण्यात आले. या घटनेचे पडसाद दीर्घकाळ उमटले.

दुसरे महायुद्ध संपण्यापूर्वीच, २२ जून १९४४ रोजी, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘जी. आय. बिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. शिक्षणाबरोबरच गृहकर्जाला सरकारी हमी देणारा हा कायदा अमेरिकी मध्यमवर्गाच्या उभारणीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. मात्र गृहकर्जाची हमी उपयोगी पडते ती नियमित उत्पन्न असलेल्याला. ज्याच्याकडे उत्पन्न नाही, पत नाही आणि राहता पत्ताही नाही, त्याच्यासाठी या कायद्यात फारसे काही नव्हते.

१९८० च्या दशकात मोठ्या शहरांतील रस्त्यांवर बेघरांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. त्यानंतर जुलै १९८७ मध्ये मॅकिनी कायदा आला आणि बेघरांसाठी संघराज्य सरकारच्या साहाय्याची व्यापक चौकट प्रथमच तयार झाली. १९९२ मध्ये माजी सैनिकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याखाली सेवाभावी संस्थांना तात्पुरत्या निवासासाठी अनुदान आणि प्रत्येक निवासी व्यक्तीमागे दैनिक रक्कम देण्याची पद्धत सुरू झाली. ती आजही चालू आहे.

व्हाउचर आणि समाजकार्यकर्ता

त्याच वर्षी, १९९२ मध्ये, एक छोटा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तोच धोरणाचा कणा ठरला. गृहनिर्माण व नागरी विकास विभाग आणि माजी सैनिक व्यवहार विभाग या दोन खात्यांनी मिळून चालविलेल्या या योजनेला दोन्ही खात्यांच्या आद्याक्षरांवरून ‘हड-व्हॅश’ म्हणतात. पहिले खाते घरभाड्याचे व्हाउचर देते. दुसरे खाते केस मॅनेजर, म्हणजे संबंधित व्यक्तीच्या पाठीशी सातत्याने उभा राहणारा समाजकार्यकर्ता, नेमते. घर शोधण्यापासून उपचार, व्यसनमुक्ती, कागदपत्रे आणि घरमालकाशी उद्भवणारे वाद इथपर्यंतची मदत तो करतो.

या जोडणीचा परिणाम शास्त्रीय पद्धतीने तपासला गेला, हे या योजनेचे वैशिष्ट्य. रॉबर्ट रोझेनहेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को, सॅन डिएगो, न्यू ऑर्लिन्स आणि क्लीव्हलँड या चार शहरांतील ४६० बेघर माजी सैनिकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाला व्हाउचर आणि समाजकार्यकर्ता दोन्ही मिळाले, दुसऱ्याला केवळ समाजकार्यकर्ता आणि तिसऱ्याला नेहमीच्या सेवा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांच्या काळात पहिल्या गटाने स्वतःच्या घरात घालवलेले दिवस दुसऱ्या गटापेक्षा १६ टक्के आणि तिसऱ्या गटापेक्षा २५ टक्के अधिक होते. आजार किंवा व्यसन यांत मात्र तेवढा ठळक फरक दिसला नाही. घर मिळाल्याने माणूस घरात टिकतो. त्याचे बाकीचे प्रश्न आपोआप सुटत नाहीत, असा या अभ्यासाचा दुहेरी निष्कर्ष होता.

मान्यता आहे, पैसा नाही

प्रयोग यशस्वी ठरूनही योजना दीड दशक छोटीच राहिली. याचे कारण अमेरिकी कायदेप्रक्रियेत आहे. तेथे एखाद्या कार्यक्रमाला अधिकार देणारा कायदा आणि त्यासाठी प्रत्यक्ष पैसा देणारे विनियोजन विधेयक ही दोन वेगळी पावले असतात. पहिले पाऊल पडले म्हणून दुसरे पडेलच असे नाही. २००१ च्या एका कायद्याने या योजनेखाली मर्यादित संख्येने नव्या व्हाउचरांना मान्यता दिली. परंतु पुढील काही वर्षे त्यासाठी निधीच दिला गेला नाही.

बदल झाला तो २००८ च्या आर्थिक वर्षात. काँग्रेसने ७.५ कोटी डॉलरची तरतूद केली आणि त्यातून सुमारे १० हजार नवी व्हाउचरे देता आली. २००९ आणि २०१० मध्येही तेवढीच रक्कम मिळाली. पुढच्या वर्षांत तरतूद कमी-अधिक होत राहिली. २०१७ ते २०२१ या काळात ती दरवर्षी सुमारे ४ कोटी डॉलर होती. वाटप झालेल्या एकूण व्हाउचरांची संख्या आज एक लाखाच्या पुढे गेली आहे.

२००८ मध्येच आणखी एक कायदा झाला. त्यातून माजी सैनिकांच्या कुटुंबांना आधार देणारी ‘एसएसव्हीएफ’ ही योजना जन्माला आली. दीर्घकालीन व्हाउचरची गरज नसलेल्या, पण एखाद्या संकटामुळे घर गेलेल्या किंवा जाण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबांसाठी ती आहे. थकलेले भाडे, अनामत रक्कम, विजेचे देयक, सामान हलविण्याचा खर्च अशा गोष्टींसाठी सेवाभावी संस्थांमार्फत थोड्या काळापुरती मदत दिली जाते.

नोव्हेंबर २००९ मध्ये तत्कालीन माजी सैनिक व्यवहार मंत्री एरिक शिन्सेकी यांनी पाच वर्षांत माजी सैनिकांची बेघरी संपविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. देशभरात ते साध्य झाले नाही. मात्र काही शहरांनी आणि राज्यांनी ते गाठल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्स, त्यानंतर ह्यूस्टन आणि वर्षअखेरीस व्हर्जिनिया राज्य ही त्यांतील ठळक नावे. एकही माजी सैनिक बेघर होणार नाही, असा या घोषणेचा अर्थ नव्हता. बेघर झालेल्याला थोड्याच काळात कायमचे घर देता येईल इतकी व्यवस्था उभी राहिली आहे, असा तो होता.

व्हाउचर चालते कसे?

व्हाउचर म्हणजे सरकारी घर नव्हे आणि रोख रक्कमही नव्हे. भाडेकरूने खासगी बाजारात घर शोधायचे असते. ढोबळमानाने, वजावटीनंतरच्या मासिक उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम भाडेकरू स्वतः देतो आणि उरलेले भाडे, ठरावीक मर्यादेपर्यंत, स्थानिक सार्वजनिक गृहनिर्माण प्राधिकरण थेट घरमालकाला देते. उदाहरणार्थ, घराचे भाडे १,५०० डॉलर आणि भाडेकरूचे हिशेबात धरलेले उत्पन्न ९०० डॉलर असेल, तर तो २७० डॉलर देईल आणि प्राधिकरण १,२३० डॉलर. उत्पन्न वाढले की भाडेकरूचा वाटा वाढतो; घटले की कमी होतो.

व्हाउचर हाती आल्यावर घर शोधण्यासाठी किमान १२० दिवसांची मुदत दिली जाते. प्राधिकरणाकडून घराची पाहणी झाल्यावर करार होतो. काही व्हाउचरे व्यक्तीऐवजी विशिष्ट इमारतीशी जोडलेली असतात. अशा इमारतींत घरे राखीव असतात आणि समाजकार्यकर्तेही तेथेच उपलब्ध असतात.

आदिवासी समूहांच्या राखीव क्षेत्रांत राहणारे माजी सैनिक मात्र बराच काळ या योजनेबाहेर राहिले. आदिवासी गृहनिर्माण संस्थांना अशी व्हाउचरे चालविण्याचा अधिकार कायद्याने नव्हता. २०१५ च्या विनियोजन कायद्यात त्यासाठी स्वतंत्र तरतूद झाली आणि पुढील वर्षी २६ आदिवासी संस्थांना पहिले अनुदान जाहीर झाले.

सेवामुक्तीच्या दाखल्याचा अडसर

कायद्याच्या विस्तारातील एक महत्त्वाचा टप्पा सेवामुक्तीच्या दर्जाशी संबंधित आहे. अमेरिकी लष्करातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या दाखल्यावर सेवामुक्तीचा दर्जा नोंदलेला असतो. सन्मानपूर्वक सेवामुक्ती आणि लष्करी न्यायालयाच्या शिक्षेने झालेली बडतर्फी ही या मोजपट्टीची दोन टोके. यांच्यामध्ये ‘सन्मानपूर्वक नाही’ असा एक प्रशासकीय दर्जा असतो. तो खटला न चालवताही दिला जाऊ शकतो.

हा दर्जा मिळालेल्यांपैकी अनेकांना माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील सर्वसाधारण उपचारांचा हक्क नसतो. हड-व्हॅश योजनेची पात्रता या उपचारांच्या हक्काशी बांधलेली असल्याने घराचे दारही बंद होत असे. विनापरवाना गैरहजेरी किंवा अमली पदार्थांचे सेवन यांसारख्या कारणांवरून हा शेरा दाखल्यावर बसतो आणि काही वेळा त्या वर्तनामागे युद्धातील आघातच असतो. परिणामी ज्यांना आधाराची निकड अधिक होती, त्यांतील काही जण दाखल्यावरील एका शेऱ्यामुळे वगळले जात होते.

१ जानेवारी २०२१ रोजी अमलात आलेल्या २०२१ च्या राष्ट्रीय संरक्षण प्राधिकार कायद्याने ही अट शिथिल केली. ‘सन्मानपूर्वक नाही’ या दर्जाच्या माजी सैनिकांनाही हड-व्हॅश योजना खुली झाली. लष्करी न्यायालयाच्या शिक्षेने बडतर्फ झालेले मात्र बाहेरच राहिले. गृहनिर्माणाशी संबंधित ही दुरुस्ती संरक्षण खात्याच्या अवाढव्य कायद्यात समाविष्ट झाली, हेही लक्षणीय आहे. स्वतंत्र विधेयक अडकून पडण्याचा धोका असला की दरवर्षी हमखास मंजूर होणाऱ्या कायद्यात तरतूद जोडणे, हा तेथील लोकप्रतिनिधींचा रुळलेला मार्ग आहे.

महासाथीतील सवलती आणि त्यानंतर

५ जानेवारी २०२१ रोजी जॉनी आयझॅक्सन आणि डेव्हिड रो या दोन माजी लोकप्रतिनिधींच्या नावे झालेल्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. या कायद्याने कोविड महासाथीच्या काळात बेघर माजी सैनिकांना अन्न, निवारा, कपडे, प्रवास, दूरध्वनी अशा साध्या पण अत्यावश्यक गोष्टींवर खर्च करण्याची मुभा विभागाला दिली. समाजकार्यकर्त्यांच्या तुटवड्यामुळे जेथे मोठ्या संख्येने व्हाउचरे पडून होती, तेथे बाहेरच्या संस्थांकडून ही सेवा कराराने घेण्याची तरतूदही त्यात होती.

मे २०२३ मध्ये सार्वजनिक आरोग्य आणीबाणी संपली आणि तिच्याशी जोडलेल्या सवलतीही संपल्या. घर पाहायला जाण्यासाठी गाडीभाडे देणे किंवा नव्या घरात भांडी-अंथरुणाची सोय करणे यासारख्या खर्चाचा आधार गेला. तात्पुरती निवासगृहे चालविणाऱ्या संस्थांना मिळणारी दैनिक रक्कमही पूर्वीच्या मर्यादेवर आली. महागाई वाढलेली असताना ही रक्कम अपुरी पडते, अशी या संस्थांची तक्रार होती.

ही पोकळी भरून काढणारी तरतूद २ जानेवारी २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्यात आली. माजी सिनेटर एलिझाबेथ डोल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यापक कायद्याने दैनिक रकमेची कमाल मर्यादा मूळ दराच्या ११५ टक्क्यांवरून १३३ टक्क्यांवर नेली. महासाथीच्या काळात उपयोगी ठरलेल्या अन्न, प्रवास व संपर्कसाधनांवरील खर्चाच्या मुभेलाही या कायद्यात पुन्हा स्थान मिळाले.

घर जाण्यापूर्वीच ते वाचविण्याचा प्रयत्न हा या धोरणाचा दुसरा पैलू. जुलै २०२५ अखेरीस अमलात आलेल्या माजी सैनिक गृहकर्ज सुधारणा कायद्याने, सरकारी हमीच्या कर्जाचे हप्ते थकलेल्या कुटुंबांसाठी थकबाकीचा काही भाग बाजूला ठेवून कर्जाच्या अखेरीस फेडण्याची सोय केली. जप्ती टळली तर पुढचा निवाऱ्याचा खर्चही टळतो, हा त्यामागील विचार आहे.

अपंगत्वाची भरपाई हेच अपात्रतेचे कारण

पात्रतेच्या नियमांतील सर्वांत बोचरा विरोधाभास उत्पन्नाच्या मोजणीत होता. सेवेत आलेल्या अपंगत्वाबद्दल विभाग दरमहा भरपाई देतो. २०२४ मध्ये १०० टक्के अपंगत्व मान्य झालेल्या एकट्या व्यक्तीला महिना ३,७३७.८५ डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे ४४,८५० डॉलर मिळत होते. गृहसाहाय्याच्या नियमांत ही भरपाई ‘उत्पन्न’ म्हणून धरली जात असे.

परवडणाऱ्या घरांच्या अनेक इमारती त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा कमी कमावणाऱ्यांसाठीच राखीव असतात. लॉस एंजेलिसमध्ये मध्यम उत्पन्नाच्या ३० टक्के ही मर्यादा एकट्या व्यक्तीसाठी २०२४ मध्ये ३० हजार डॉलरच्या आत होती. त्यामुळे पूर्ण अपंगत्व असलेला माजी सैनिक माजी सैनिकांसाठीच बांधलेल्या इमारतीत अपात्र ठरू शकत होता आणि कमी अपंगत्व असलेला पात्र. खुल्या बाजारात घर घ्यावे तर हीच रक्कम अपुरी पडत असे. शरीराने किंवा मनाने जितकी मोठी किंमत मोजली असेल, तितके घर दूर जावे, असा हा हिशेब होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये गृहनिर्माण विभागाने या नियमात बदल केला. हड-व्हॅश योजनेतील पात्रता ठरविताना सेवेशी संबंधित अपंगत्वाची भरपाई वगळण्याचे आणि प्राथमिक उत्पन्नमर्यादा मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत ठेवण्याचे निर्देश देण्यात आले. भाड्यातील स्वतःचा वाटा ठरविताना मात्र ही भरपाई उत्पन्न म्हणून मोजली जाते. म्हणजे दार उघडले. पण ज्याला परवडते त्याने आपला वाटा द्यावा, हे तत्त्व कायम राहिले.

विभागीय आदेशाने झालेला बदल पुढील सरकार दुसऱ्या आदेशाने मागे घेऊ शकते. म्हणूनच भरपाई वगळण्याचे तत्त्व थेट कायद्यात लिहावे, यासाठी प्रतिनिधी सभेचे कॅलिफोर्नियातील सदस्य ब्रॅड शर्मन यांनी विधेयक मांडले. बेघर अपंग माजी सैनिकांच्या घरांविषयीचे हे विधेयक आकाराने लहान आहे. त्याचा परिणाम मात्र सर्वाधिक दुखापतग्रस्त गटावर होणारा आहे.

लॉस एंजेलिसची जमीन

कायदा आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर सर्वाधिक ठळकपणे दिसते ते लॉस एंजेलिसमध्ये. देशातील बेघर माजी सैनिकांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक कॅलिफोर्नियात आहेत; लॉस एंजेलिस काउंटीत २०२४ मध्ये त्यांची संख्या सुमारे ३,००० होती. याच शहराच्या पश्चिम भागात माजी सैनिक व्यवहार विभागाचे ३८८ एकरांचे आवार आहे. अपंग सैनिकांच्या निवासासाठी १८८८ मध्ये ही जमीन दान देण्यात आली होती. एके काळी तेथे हजारो माजी सैनिक राहत. १९७० च्या दशकापासून निवासी वापर जवळपास थांबला आणि जमिनीचे तुकडे खासगी शाळा, विद्यापीठाचे बेसबॉल मैदान अशा वापरांसाठी भाडेपट्ट्याने गेले.

माजी सैनिकांनी केलेल्या एका दाव्यातील तडजोडीनंतर २०१६ मध्ये या आवारासाठी स्वतंत्र कायदा झाला. भाडेपट्टे प्रामुख्याने माजी सैनिकांच्या हिताचे असावेत, अशी अट त्यात आहे. आराखड्यात १,२०० घरांचे आश्वासन होते. बांधकाम मात्र रेंगाळले. दुसऱ्या दाव्यात सप्टेंबर २०२४ मध्ये संघराज्य न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी आवारात व परिसरात आणखी १,८०० कायमस्वरूपी आणि ७५० तात्पुरती घरे उभारण्याचा आदेश दिला. सरकारने त्याविरुद्ध अपील केले. मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशात याच आवारात १ जानेवारी २०२८ पर्यंत ६,००० बेघर माजी सैनिकांची सोय करण्याची क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

राज्य पातळीवरही पावले पडली आहेत. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जून २०१४ मध्ये माजी सैनिकांच्या घरांसाठी ६० कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. संघराज्याचे व्हाउचर भाडे देते. इमारत बांधण्याचा खर्च अशा राज्य निधीतून उभा राहतो.

व्हाउचर हाती, घर नाही

वाटप झालेली सर्व व्हाउचरे एकाच वेळी वापरात नसतात. त्याची कारणे तीन. पहिले कारण बाजार : महागड्या शहरांत व्हाउचरच्या मर्यादेत बसणारे घर १२० दिवसांत सापडेलच असे नाही. दुसरे कारण घरमालक : सरकारी साहाय्यावर भाडे भरणाऱ्याला नाकारण्यास संघराज्याच्या कायद्यात सर्वसाधारण बंदी नाही. कॅलिफोर्नियासह काही राज्यांनी आणि शहरांनी स्वतःचे कायदे करून ती घातली आहे. तिसरे कारण मनुष्यबळ : व्हाउचर गृहनिर्माण खात्याचे आणि समाजकार्यकर्ता दुसऱ्या खात्याचा. नेमणुका रखडल्या की व्हाउचरही रखडते.

ही विभागणी संसदेतही आहे. माजी सैनिकांचे विषय एका समितीकडे, गृहनिर्माण दुसऱ्या समितीकडे आणि पैसा विनियोजन समितीकडे. त्यामुळे एका बेघर माणसाच्या घराचा प्रश्न प्रत्येक सभागृहात तीन दालनांतून फिरतो. पक्षभेद तीव्र असलेल्या काळातही माजी सैनिकांच्या विधेयकांना दोन्ही पक्षांचा पाठिंबा मिळतो. तरी ती मंजूर होण्यास लागणारा वेळ या रचनेमुळे वाढतो.

‘आधी घर’ की आधी उपचार?

माजी सैनिक व्यवहार विभागाने २०१२ मध्ये ‘आधी घर’ हे तत्त्व औपचारिकपणे स्वीकारले. व्यसन सोडणे किंवा उपचार पूर्ण करणे ही घराची पूर्वअट न ठेवता आधी घर द्यावे आणि नंतर उपचारांना साथ द्यावी, असे ते तत्त्व. समर्थकांच्या मते माजी सैनिकांच्या बेघरीत झालेली घट हाच त्याचा पुरावा आहे. टीकाकारांच्या मते उपचार ऐच्छिक ठेवल्याने व्यसन आणि मानसिक आजार मागे पडतात. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने काढलेल्या आदेशाने या तत्त्वाला दिलेला संघराज्याचा पाठिंबा काढून घेण्याची दिशा स्पष्ट केली. पुढील विधेयकांवरील चर्चेत हा वाद अग्रभागी राहणार आहे.

हक्क की तरतूद?

या सर्व कायद्यांच्या मुळाशी एक प्रश्न कायम आहे. अमेरिकेत अपंगत्वाची भरपाई हा पात्र माजी सैनिकाचा हक्क आहे; पात्र ठरलेल्या प्रत्येकाला ती द्यावीच लागते. घरभाड्याचे व्हाउचर मात्र हक्क नाही. त्या वर्षी जितका निधी मंजूर होईल, तितकीच व्हाउचरे. सर्वसाधारण जनतेत संघराज्याच्या भाडे साहाय्याला पात्र असलेल्या सुमारे चार कुटुंबांपैकी एकालाच ते मिळते. माजी सैनिकांची स्थिती याहून बरी आहे ती त्यांच्यासाठी वेगळी व्हाउचरे राखून ठेवल्यामुळे.

ही मर्यादा ओलांडण्याचा प्रस्ताव बायडेन प्रशासनाने २०२४ च्या अर्थसंकल्पात मांडला होता. अत्यल्प उत्पन्न असलेल्या सुमारे साडेचार लाख माजी सैनिक कुटुंबांपर्यंत टप्प्याटप्प्याने साहाय्य नेऊन पुढे ते हमीचे करण्याची ती योजना होती. त्यासाठी १,३०० कोटी डॉलरची मागणी होती. काँग्रेसने ती स्वीकारली नाही.

विभागाच्या आकडेवारीनुसार २०२३ च्या कॅलेंडर वर्षात ४६,५५२ आणि २०२४ च्या आर्थिक वर्षात ४७,९२५ बेघर माजी सैनिकांना कायमस्वरूपी घरे मिळाली. ही संख्या एका रात्रीच्या गणतीतील बेघर माजी सैनिकांपेक्षा मोठी आहे आणि तरीही गणती शून्यावर येत नाही. दरवर्षी हजारो जण घरात जातात, त्याच वेळी दुसरे हजारो जण घर गमावतात. म्हणूनच एकदा केलेला कायदा पुरेसा ठरत नाही. व्हाउचरांचा निधी दरवर्षी नव्याने मंजूर व्हावा लागतो, समाजकार्यकर्त्यांच्या जागा भरल्या जाव्या लागतात आणि पात्रतेचे नियम कोणाला वगळत आहेत, हे पुन्हा पुन्हा तपासावे लागते.